कास्ता: एका शब्दाची वंशावळ

पोर्तुगालमधल्या वाइनच्या बाटलीवर मागच्या बाजूला जी चिठ्ठी असते, तिच्यावर बहुधा 'कास्तास' असा शब्द छापलेला असतो आणि त्याच्यापुढे दोनतीन नावे असतात. लाल वाइन असेल तर तोरिगा नासिओनाल किंवा तिंता रोरिझ, पांढरी असेल तर आल्व्हारिन्यो. ही द्राक्षांच्या वाणांची नावे आहेत, आणि 'कास्ता' म्हणजे वाण. 'कास्तास' हे त्याचेच अनेकवचन. इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द, ज्याच्याशिवाय भारतीय समाजाविषयी इंग्रजीत एक परिच्छेदही लिहिता येत नाही, तो याच शब्दापासून आला. पण लिस्बनमधल्या माणसाला बाटलीवरची ती चिठ्ठी वाचताना उच्चनीचता, रोटीबंदी, बेटीबंदी यांतले काहीही आठवत नाही. आपणही आंब्याची किंवा गव्हाची जात विचारतो तेव्हा आपल्या मनात समाजाची जात नसते, तसेच हे आहे. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे आले आणि ते पुढे कुठे वेगळे झाले, हे समजून घेण्यासाठी पाचसहाशे वर्षे मागे जावे लागते.

हा शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत अक्षरशः एकच आहे. लिहितात सारखा, बोलताना मात्र स्पॅनिशमध्ये 'कास्ता' आणि लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये साधारण 'काश्ता' असा ऐकू येतो. शेजारच्या कॅटलान भाषेतही तो आहे. फ्रेंच आणि इटालियन याही लॅटिनच्याच लेकी, पण त्यांच्याकडे हा शब्द घरचा म्हणून नव्हता. त्यांनी तो पुढे उसना घेतला. म्हणजे हा शब्द मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातला, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतला, आणि ही गोष्ट त्याच्या जन्माचा शोध घेताना महत्त्वाची ठरते.

त्याच्या जन्माविषयी दोन मते आहेत. पहिले मत जुने आणि सहज पटणारे आहे. लॅटिनमध्ये 'कास्तुस' असे विशेषण होते, त्याचा अर्थ शुद्ध, निष्कलंक, संयमी. त्यापासून स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'कास्तो' हे विशेषण आले, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप 'कास्ता'. पातिव्रत्य पाळणाऱ्या स्त्रीला आजही या भाषांत 'कास्ता' म्हणतात. तेव्हा 'कास्ता' हे नामही याच विशेषणापासून झाले असावे, म्हणजे ज्या कुळात भेसळ नाही ते कूळ, असा हा तर्क आहे. १६११ मध्ये सेबास्तियान दे कोव्हारुबियास या विद्वानाने स्पॅनिश भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यात त्याने हीच व्युत्पत्ती दिली आणि तिला नैतिक कारणही जोडले. चांगली संतती व्हायची तर आईबाप विषयलंपट नसावेत, संयमी असावेत, म्हणून वंशाला 'कास्ता' म्हणतात, असा त्याचा आशय होता. या लॅटिन 'कास्तुस'चे मूळ 'कापणे, तोडून वेगळे करणे' अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूत असावे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातला 'शस्त्र' हा शब्द त्याच धातूच्या घरातला. दोषांपासून तोडून अलग ठेवलेले ते शुद्ध, अशी ती कल्पना.

दुसरे मत विसाव्या शतकातल्या जुआन कोरोमिनेस या कॅटलान कोशकाराचे आहे. जुन्या लिखाणात हा शब्द कोणत्या क्रमाने कोणत्या अर्थाने येतो, याकडे त्याने लक्ष वेधले. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा शब्द कागदोपत्री आढळतो, आणि त्याचा सुरुवातीचा अर्थ जनावरांचा प्रकार, त्यांची पैदास, त्यांचे कूळ असा सरळ आहे. शुद्धतेचा भाव त्यात नंतर आलेला दिसतो. शब्द जर शुद्धतेतून जन्मला असता, तर शुद्धतेचा अर्थ आधी दिसायला हवा होता. म्हणून कोरोमिनेसने असे सुचवले की हा शब्द गॉथ लोकांच्या जर्मानिक भाषेतून आला असावा. रोमन साम्राज्य कोसळल्यावर या लोकांनी स्पेनवर राज्य केले होते. त्यांच्या भाषेत 'कास्त्स' असा काही शब्द असावा, 'टाकलेले' या मूळ अर्थाचा, आणि त्यावरून जनावराने एका वेळी घातलेली पिल्ले, पाखराची एका वेळची अंडी-पिल्ले. 'फेकणे' या अर्थाचे इंग्रजीतले क्रियापद 'कास्ट' हे त्याच धातूचे.

मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, कारण आपल्याकडे 'वेत' हा शब्द आहे. गाय किंवा म्हैस कितव्या वेताची आहे हे गोठ्यातला प्रत्येक माणूस सांगतो, आणि शेळीच्या एका वेतातली करडे ही सख्खी भावंडे. कोरोमिनेसचे म्हणणे खरे मानले तर 'कास्ता' हा मुळात गोठ्यातला शब्द ठरतो. तो गॉथिक शब्द प्रत्यक्ष कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तो अनुमानाने उभा केलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही अर्थांच्या क्रमाचा त्याचा युक्तिवाद मला जास्त पटतो. मात्र सोळाव्या शतकातल्या लोकांना गॉथिक भाषेशी काही देणेघेणे नव्हते. त्यांच्या कानाला 'कास्ता' म्हटले की शेजारी उभा असलेला 'कास्तो', म्हणजे शुद्ध, हाच ऐकू येई. व्युत्पत्ती चुकीची असली तरी लोक तिच्यावर विश्वास ठेवत असतील तर ती शब्दाचा अर्थ वळवते, आणि इथे तसेच झाले.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो दे नेब्रिखाच्या कोशात 'कास्ता' या शब्दाला 'चांगले कूळ' असा अर्थ जोडलेला दिसतो. म्हणजे तोवर शब्द घोड्यांवरून माणसांवर आला होता आणि वर चढला होता. हा बदल हवेतून झाला नाही. १४४९ मध्ये स्पेनमधल्या तोलेदो शहरात एक फर्मान निघाले, ज्यात ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना शहरातली अधिकारपदे नाकारली गेली. धर्म बदलला तरी रक्त बदलत नाही, असा त्यामागचा विचार होता. पुढे 'रक्ताची शुद्धता' तपासणारे असे नियम स्पेनमधल्या अनेक संस्थांनी केले. १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हाकलण्यात आले, १४९७ मध्ये पोर्तुगालने आपल्याकडच्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले, आणि या धर्मांतरितांना 'नवे ख्रिस्ती' असे नाव पडले. पिढ्यान्‌पिढ्या ते नाव त्यांना चिकटून राहिले. पोर्तुगालमध्ये जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती हा भेद कायद्याने पुसला गेला तो १७७३ मध्ये.

या काळात 'कास्ता'च्या शेजारी आणखी एक शब्द वावरत होता, तो म्हणजे 'रासा', इंग्रजीतल्या 'रेस'चा भाऊबंद. कोव्हारुबियासच्या कोशात या दोन शब्दांतला फरक फार स्पष्ट दिसतो. घोड्यांच्या बाबतीत 'रासा' म्हणजे उत्तम जातिवंत घोड्यांची 'कास्ता', ज्यांना ओळखू यावे म्हणून डाग देतात, असे तो लिहितो. पण माणसांच्या कुळाविषयी बोलताना 'रासा' वाईट अर्थाने घेतात, अमक्यात ज्यूची किंवा मूराची, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानाची, 'रासा' आहे असे म्हणतात, अशी पुस्ती तो जोडतो. थोडक्यात, 'कास्ता' असणे ही अभिमानाची गोष्ट होती आणि 'रासा' असणे हा डाग होता. घोड्याच्या बाजारातले दोन शब्द माणसांच्या न्यायनिवाड्यात कसे शिरले, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

हा शब्द तोंडात घेऊन पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा जिंकले. सुरुवातीच्या पोर्तुगीज लिखाणात तो सैलपणे वापरलेला आहे. माणसांचा कुठलाही गट, कुठलीही जमात किंवा धर्माचे लोक म्हणजे एक 'कास्ता'. तो भारतातल्या जातींसाठीच राखलेला नव्हता. हळूहळू मात्र पोर्तुगीजांच्या ध्यानात आले की इथल्या लोकांत एक वेगळीच मांडणी आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींविषयीच्या ग्रंथात गार्सिया दा ओर्ता या वैद्याने त्याची नोंद केली. इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही, आणि चांभारांच्या 'कास्ता'तले सगळे चांभारच असतात, अशा आशयाचे त्याचे वाक्य आहे. जन्म आणि धंदा यांची गाठ या शब्दाला जोडणारा हा फार जुना उल्लेख आहे, आणि तो भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एका पुस्तकात आहे.

ओर्ताविषयी थांबून सांगायला हवे. तो १५३४ मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून त्याचे जाणेयेणे होते, आणि मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून त्याला पट्ट्याने मिळालेले होते. पण तो स्वतः 'नवा ख्रिस्ती' होता. त्याचे आईवडील स्पेनमधून पोर्तुगालमध्ये आलेले ज्यू होते. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, ती चोरून ज्यू धर्म पाळते या आरोपावरून गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. इथल्या माणसांच्या जन्मजात ओळखीसाठी ज्याने 'कास्ता' हा शब्द वापरला, त्याच्या स्वतःच्या जन्माची ओळख त्याला मेल्यावरही सुटली नाही. मी ओर्ताचे ते साधे वाक्य वाचतो तेव्हा मला हे विसरता येत नाही.

ओर्ताच्या ग्रंथानंतर चार वर्षांनी, १५६७ मध्ये, गोव्यात ख्रिस्ती धर्मगुरूंची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिच्या ठरावात असे नोंदवले आहे की या मुलखातले हिंदू कमीअधिक प्रतिष्ठेच्या 'कास्तां'मध्ये विभागलेले आहेत, ख्रिस्ती लोकांना ते खालचे मानतात, आणि वरच्या 'कास्ता'चा माणूस खालच्याबरोबर खात-पीत नाही. इथे शब्दाचा अर्थ पक्का झालेला दिसतो. नुसता प्रकार किंवा नुसते कूळ असे आता त्यात उरलेले नाही. उतरंड आली आणि रोटीबंदीही आली. पुढे गोव्यात धर्मांतर झाले तरी बामण, चारडो, सुदिर हे भेद ख्रिस्ती समाजात टिकून राहिले.

पोर्तुगीजांनी 'जात' या कल्पनेसाठी हाच शब्द का निवडला असावा, याचे उत्तर मला मराठीतच सापडते. आपला 'जात' हा शब्द संस्कृत 'जन्' धातूतून, म्हणजे जन्म घेण्यातून आलेला आहे. लॅटिनमधला 'गेनुस' हा त्याचा सख्खा नातेवाईक. 'कास्ता'शी त्याचे व्युत्पत्तीचे काही नाते नाही. पण वापरात दोन्ही शब्द एकाच वाटेने चालत आले होते. आपणही भाताची जात, बैलाची जात, माणसाची जात असे एकाच शब्दाने बोलतो. उत्तम घोड्याला आपण 'जातिवंत' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'कास्तिसो' म्हणतो. शब्दाला प्रत्यय लावून 'अस्सल' हा अर्थ काढण्याची युक्तीही दोन्हीकडे तीच. 'दे कास्ता ले व्हिएने आल गाल्गो' अशी एक स्पॅनिश म्हण आहे. 'गाल्गो' म्हणजे शिकारी कुत्रा, आणि त्याचे गुण त्याला कुळातूनच येतात, असा तिचा अर्थ. आपण 'खाण तशी माती' म्हणतो तेच.

पण भाषांतर इतके सोयीचे जमले की त्यात एक घोटाळा लपून राहिला. आपल्याकडे 'वर्ण' आणि 'जात' या दोन वेगळ्या कल्पना आहेत. वर्ण चार, ग्रंथांतून सांगितलेले. जाती शेकड्यांनी, गावोगावी निराळ्या. 'कास्ता' या एका शब्दाने दोन्ही झाकले गेले, आणि तोच शब्द इंग्रजीत गेल्यावर तिथेही ते दोन्ही एकच समजले जाऊ लागले. चार 'कास्ट' आणि चार हजार 'कास्ट' अशी दोन्ही विधाने इंग्रजीत शेजारी शेजारी उभी राहू शकतात, ती या कारणाने. मराठीने पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, चावी, साबण, पगार, बिजागरी, घमेले असे कितीतरी शब्द घेतले, पण 'कास्ता' घेतला नाही. त्याची गरजच नव्हती.

पोर्तुगीजांनी हा शब्द स्वतःच्या माणसांनाही लावला. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या यान लिन्शोतेन या डच माणसाने लिहून ठेवले आहे की पोर्तुगीज आईबापांच्या पोटी भारतात जन्मलेल्या मुलांना तिथे 'कास्तिसो' म्हणत आणि मिश्र विवाहातून झालेल्यांना 'मेस्तिसो'. नेमका हाच 'कास्तिसो' शब्द स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोत मात्र निराळ्या माणसासाठी वापरला जाई. तिथे स्पॅनिश आणि मूळ निवासी यांच्या संततीला मेस्तिसो म्हणत, आणि त्या मेस्तिसोला पुन्हा स्पॅनिश जोडीदारापासून झालेले मूल ते कास्तिसो. त्या कास्तिसोला आणखी एकदा स्पॅनिश जोडीदार मिळाला की पुढचे मूल स्पॅनिश मानले जाई. तिथे 'कास्ता' म्हणजे मुख्यतः मिश्र रक्ताचा माणूस. शुद्ध कुळासाठी असलेला शब्द भेसळीच्या नावांची यादी बनला, हा या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत आश्चर्याचा भाग वाटतो.

त्या याद्यांची चित्रेही निघाली. अठराव्या शतकातल्या मेक्सिकोत 'कास्ता-चित्रे' असा एक स्वतंत्र प्रकार होता. बहुधा सोळा चित्रांचा संच, प्रत्येकात आई, बाप आणि मूल, आणि खाली कोणाला कोणापासून काय झाले त्याचे नाव. मिगेल काब्रेरा या चित्रकाराचा १७६३ चा संच प्रसिद्ध आहे. अशा संचांतल्या नावांमध्ये लांडगा आणि कोयोटी या अर्थाचे शब्द आहेत, 'मागे परत', 'हवेत लटकलेला', 'तू कळत नाहीस' अशीही नावे आहेत. रोजच्या व्यवहारात ही सगळी नावे वापरली जात नव्हती आणि सीमारेषा चित्रात दिसतात तितक्या घट्ट नव्हत्या, असे अनेक इतिहासकार सांगतात. भारतातल्या जातीशी त्यांची बरोबरी करणे तर चुकीचेच, कारण तिथे लग्न करून पुढच्या पिढीचे नाव बदलत असे, आणि आपल्याकडे जात टिकते तीच मुळी जातीबाहेर लग्न न करण्यामुळे. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात याच गोष्टीला, जातीअंतर्गत विवाहाला, जातीचे मूळ लक्षण म्हटले आहे.

मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धातला नेता होसे मारिया मोरेलोस याने १८१३ मध्ये नव्या राष्ट्रासाठी जी कलमे मांडली, त्यांतल्या पंधराव्या कलमात गुलामगिरी आणि 'कास्तां'चा भेद कायमचा बंद करावा असे म्हटले आहे. भारतीय संविधानातही जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे कलम पंधरावेच आहे. हा निव्वळ योगायोग आहे. पण आपल्या कलमाच्या इंग्रजी पाठात 'रेस' आणि 'कास्ट' हे शब्द शेजारी शेजारी येतात, आणि तिथे मला कोव्हारुबियासच्या कोशातले ते दोन घोडेबाजारातले शब्द दिसतात. मराठी पाठात त्यांच्या जागी 'वंश' आणि 'जात' आहेत.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात वंश, पैदास अशा अर्थाने येऊ लागला आणि सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी सुरतेसारख्या बंदरांत वावरू लागल्यावर भारतीय जातीच्या अर्थाने रुळला. 'फेकणे' या क्रियापदाहून त्याचे लेखन वेगळे झाले ते नंतर, फ्रेंच वळणाने. इंग्रजीत गेल्यावर त्याने गोठा आणि द्राक्षमळा मागे ठेवला. इंग्रज माणूस घोड्याच्या किंवा द्राक्षाच्या जातीला 'कास्ट' म्हणत नाही, त्याच्याकडे या शब्दाला माणसांची उतरंड एवढाच अर्थ उरला. हा आकसलेला अर्थ मग युरोपभर पसरला आणि स्वतःच्या माहेरीही परत आला. स्पेनमध्ये २०१४ च्या सुमारास एका नव्या पक्षाने सत्तेला चिकटून बसलेल्या राजकारण्यांना 'ला कास्ता' म्हणायला सुरुवात केली, आणि अर्जेंटिनात २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या हाव्हिएर मिलेई यांच्या प्रचाराचा तर तो मुख्य शब्द होता. एकमेकांना सांभाळून घेणारा, बाहेरच्याला आत येऊ न देणारा गट, हा त्यातला भाव भारताच्या वर्णनांतून आलेला आहे. त्याच वेळी स्पेनच्या बैलझुंजीत कडवेपणाने लढणाऱ्या बैलाला 'कास्ता' आहे असे कौतुकाने म्हटले जाते. एकच शब्द आखाड्यात स्तुती असतो आणि सभेत शिवी.

जनावरांकडेही तो एका अनपेक्षित दाराने परतला. जीवशास्त्रज्ञ मुंग्या, वाळवी आणि मधमाश्यांमधल्या राणी, कामकरी, सैनिक अशा गटांना इंग्रजीत 'कास्ट' आणि पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये 'कास्ता' म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यात राणी आणि कामकरी माश्या एकाच आईच्या मुली असतात, सारख्याच अंड्यांतून निघतात, आणि कोणत्या अळीला किती दिवस कोणते अन्न भरवले यावर त्यांतली कोण राणी होणार आणि कोण कामकरी होणार हे ठरते. एका वेतातली पिल्ले असा ज्याचा मूळ अर्थ असावा असे कोरोमिनेसला वाटत होते, तोच शब्द आज एका आईच्या लेकींना वेगवेगळ्या रांगांत उभे करण्यासाठी वापरला जातो.